मदत हवी आहे: जुन्या आरपीजींची क्रमवारी गोल फिरतेय

नाशिकच्या आमच्या ग्रुपमध्ये नव्याने खेळणाऱ्यांसाठी आठ जुन्या आरपीजींची (एखादं पात्र घडवून त्याच्या भूमिकेत खेळायचे कॉम्प्युटर गेम) क्रमवारी लावतोय. आठही शेवटपर्यंत खेळून झालेत, एक्स्पान्शन पॅक (मूळ गेमला नंतर जोडलेले भाग) धरलेले नाहीत.

आधी कथा, लढाई आणि मोकळीक यांना दहापैकी गुण दिले. सरासरीत सगळं सपाट झालं. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९) ची लढाई कच्ची, संवाद अफाट; तरी मधेच कुठेतरी अडकला. मग दोन-दोन गेम समोरासमोर ठेवले, एकूण २८ जोड्या. तिथे गाठ बसली: 'फॉलआउट' (१९९७) 'बाल्डर्स गेट २' (२०००) पेक्षा सरस, बाल्डर्स गेट टॉर्मेंटपेक्षा, आणि टॉर्मेंट पुन्हा फॉलआउटपेक्षा!

मला दोष पात्राच्या बांधणीत दिसतो. फॉलआउट स्पीच (बोलून पटवण्याचं कौशल्य) वाढवून खेळलो, त्यामुळे शेवटी मास्टरला (मुख्य खलनायकाला) पुरावा दाखवून बोलण्यातच नमवता आलं. टॉर्मेंट मात्र ताकदीवर गुण टाकून खेळलो. विज्डम (शहाणपणाचे गुण) कमी, म्हणून जुन्या आठवणी उघडणारे कितीतरी संवाद आलेच नाहीत. अशा खेळावरून त्याला खाली ढकलणं अन्याय वाटतो.

आता रविवारचेच तीन-चार तास मिळतात, म्हणून एकच गेम पुन्हा खेळता येईल. टॉर्मेंटमध्ये सुरुवातीला वाटायला २१ गुण असतात. त्यातले ९ घालून विज्डम १८ केली, तर उरलेले १२ इंटेलिजन्स आणि करिष्मामध्ये कसे वाटावेत? आणि क्रमवारीत टॉर्मेंट पहिल्यांदा खेळलो ते धरावं की हे दुसऱ्यांदा खेळणं?