‘एरर कोड’: त्रुटी, चूक की आणखी काही?

विचारणा, फोंडा: फर्मागुडीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी लिनक्स कर्नलमधील (म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवर मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्टला प्रवेश मिळाला. कर्नलमधील सी भाषेची बरीच फंक्शने काम न झाल्यास ऋण पूर्णांक परत करतात. मेमरी न मिळाल्यास उणे १२, अग्राह्य मूल्य दिल्यास उणे २२. हाच आकडा रस्टमध्ये ‘एरर’ या स्वतंत्र टाइपात, म्हणजे मूल्याच्या वेगळ्या प्रकारात, येतो. दोन्हींसाठी ‘त्रुटी-संकेत’ हा एकच शब्द चालेल का?

उत्तर, म्हापसा: माझ्या मते चालवू नये. सीमध्ये तो निव्वळ पूर्णांक आहे आणि वाचलेल्या बाइटांची संख्याही त्याच वाटेने परत येते, त्यामुळे आकडा ऋण आहे का हे तपासायचे राहिले तर कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आपल्याला अडवत नाही. त्याला ‘त्रुटी-क्रमांक’ म्हणणे पुरे. रस्टमधील टाइप मात्र आतील आकडा उणे ४०९५ ते उणे १ या पट्ट्यातच असल्याची हमी देतो, आणि पट्ट्याबाहेरचा आकडा आल्यास इशारा नोंदवून त्याच्या जागी ईइन्व्हॅल, म्हणजे तेच उणे २२, ठेवले जाते. शून्य तिथे कधीच येत नसल्याने ते यशाच्या खुणेसाठी मोकळे राहते. म्हणून परत द्यायला दुसरे काही नसेल तेव्हा यश किंवा एरर सांगणारा ‘रिझल्ट’ चार बाइटांतच मावतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास कंपायलर इशारा देतो. एवढा अर्थ वाहणाऱ्या टाइपाला नुसते ‘त्रुटी’ आणि ‘रिझल्ट’ला ‘निकाल’ म्हणावे.

पुरवणी, मडगाव: विभागणी मान्य, पण ‘त्रुटी’वर माझा आक्षेप आहे. त्रुटी म्हणजे उणीव. ती ईनोमेमला, म्हणजे उणे १२ ला, चपखल बसते, कारण तिथे मेमरीच कमी पडलेली असते. ईइन्व्हॅलमध्ये चूक फंक्शनला बोलावणाऱ्या कोडची असते, ईअ‍ॅक्सेसमध्ये परवानगी नसल्यामुळे मज्जाव होतो, आणि ईअगेनमध्ये तर कोणाचेच काही चुकलेले नसते. आत्ता नाही, पुन्हा विचारा, एवढेच त्याचे म्हणणे असते. मामलेदार कचेरीतून परत आलेल्या अर्जावर शेरा असतो, तसा हा आकडा म्हणजे नकाराचे कारण सांगणारा शेरा आहे. ‘नकार-संकेत’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, जरी वर्गात सगळे ‘एरर कोड’च म्हणणार, हे उघड आहे.

म्हापसा: ‘नकार-संकेत’ पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणाऱ्या मूल्याच्या, बाबतीतही टिकतो. पॉइंटर देणारी सीची काही फंक्शने नकाराचा आकडा पॉइंटरमध्येच भरतात. पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाचे ४०९५ पत्ते खऱ्या वस्तूंना दिले जात नाहीत, म्हणून हे जमते. असा पॉइंटर सीमधून रस्टमध्ये येतानाच तपासून त्याचा ‘निकाल’ करून घेतला, तर नकाराला पत्ता समजून त्यामागे जाण्याचा प्रसंग पुढच्या कोडवर येत नाही.

फोंडा: मग टाइपाला ‘एरर’, आकड्याला ‘नकार-संकेत’ आणि ‘रिझल्ट’ला ‘निकाल’ असे लिहितो. ५१७ या अंतर्गत संकेताचे काय? ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या कोडला) लागणारे दुसरे साधन अजून तयार नसेल तेव्हा तो परत करतात आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो.

मडगाव: त्याला ‘तहकूब’ लिहा. सभा तहकूब झाली म्हणजे रद्द झाली असे कोणी समजत नाही.