केमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? कालच्या पोस्टला उत्तर

नांदेडची फार्मासिस्ट: काल परभणीकरांनी इथं लिहिलं, "केमोनं फ्री रॅडिकल होतात, म्हणून पेशंटला व्हिटॅमिन सी अन् ग्लुटाथायोन भरपूर द्या." वाचून राहवलं नाही. फ्री रॅडिकल म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू; व्हिटॅमिन सी अन् ग्लुटाथायोन ही त्यांना शांत करणारी अँटिऑक्सिडंट. डॉक्सोरुबिसिन, आपलं ते केमोचं लाल औषध, रॅडिकल सोबत घेऊन येत नाही. शरीरातलीच एन्झाइम्स एनएडीपीएच या पेशीतल्या रेणूकडचा इलेक्ट्रॉन त्याला देतात, औषध तो ऑक्सिजनला देतं, सुपरऑक्साइड हा रॅडिकल तयार होतो. पुढं लोह भेटलं की सगळ्यात जहाल हायड्रॉक्सिल रॅडिकल. इथं ग्लुटाथायोन आग विझवतं. ब्लिओमायसिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचं उलटं. त्याला चिकटलेल्या लोहाला हेच ग्लुटाथायोन, हेच व्हिटॅमिन सी पुन्हा कामाला लावू शकतं, अन् डीएनए आणखी तुटतो. एका औषधाला पाणी, दुसऱ्याला रॉकेल. सरसकट सांगू नका.

परभणीकर: ताई, हे परीक्षानळीतलं झालं. लाल औषधानं हृदय बिघडू शकतं म्हणतात, पण माझ्या आईचे त्याचे ६ डोस झाले, गोळ्या रोज दिल्या, हृदय ठणठणीत. हृदयात कॅटालेज हे बचाव करणारं एन्झाइम कमी असतं, मग बाहेरून मदत नको का?

नांदेडची फार्मासिस्ट: त्यासाठी डेक्सराझोक्सेन हे औषध आहे, ते लोहाला बांधतं. अन् दर डोसला ६० च्या हिशेबानं ६ डोस म्हणजे ३६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाच्या मापानं). हृदयाचा धोका झपाट्यानं वाढतो तो ४५०-५५० च्या पुढं. श्रेय गोळीला देऊ नका.

अंबडचा बागायतदार: म्हणजे मोसंबीबी बंद का? असंच काहीतरी वाचून पाव्हण्यानं माझी करंडी परत पाठवली. २०१२ च्या दुष्काळात टँकरनं जगवलेली झाडं हायत ती!

नांदेडची फार्मासिस्ट: दादा, फळ नको असं मी कुठं लिहिलं? मी हजार मिलिग्रॅमच्या गोळीबद्दल बोलतेय.

लातूरची लेक: फळाचं मी सांगते. बाबांच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या, स्टँडवरचा मोसंबीचा रस पाजला. दुसऱ्या दिवशी १०३ ताप. रात्री गाडी करून पळालो.

अंबडचा बागायतदार: ते बर्फाचं अन् गिलासाचं पाप. मोसंबीवर कशाला ढकलता?

लातूरची लेक: तोंड आलेल्या माणसाला घरची मोसंबीसुद्धा झोंबते, दादा. बाबा रडायचे. तुमची बाग तुमच्या जागी, पण आग्रह नको.

अंबडचा बागायतदार: बरं, आग्रह नको. घरी सोलून, खाववली तर, एवढं तरी लिवा.

परभणीकर: मोसंबी आवरा आता! सरसकट लिहायला नको होतं, मान्य. पण गोळीनं माणसाचं नुकसान होतं, याला आधार?

नांदेडची फार्मासिस्ट: २०२० चा अमेरिकेतला स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास. केमोच्या आधी अन् दरम्यान अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्या थोड्याच होत्या, म्हणून निकाल पक्का नाही. पण तेवढ्यावर मी माझ्या बहिणीच्या गोळ्या थांबवल्या.

परभणीकर: 'भरपूर' काढतो. 'डॉक्टरांना दाखवून' घालतो. आईचे डोस संपलेत, तिच्या गोळ्यांचं माझं मी बघतो.