मदत हवी आहे: ड्वार्फ केळीची पानं स्लॅबला टेकली, वरून कापू का?

गॅलरीतली_हिरवाई
नमस्कार, जरा लवकर उत्तर हवंय. नर्सरीवाल्याने ड्वार्फ केळी म्हणून रोप दिलं, म्हणाला गॅलरीत आरामात राहील. आता पानं वरच्या स्लॅबला टेकून दुमडतायत आणि रविवारी आमच्या विंगला पेंटिंगची परांची लागतेय, सेक्रेटरींचा निरोप आलाय की ग्रिलमधली झाडं आत घ्या. हॉलच्या दारातून न्यायचं तर वरून दोनेक फूट कापावं लागेल. कापलं तर जगेल का? आणि ड्वार्फ म्हणजे बुटकं ना, मग हे असं कसं वाढलं? मुलगी शाळेतून आली की आधी नव्या पानाचा गुंडाळलेला पोंगा किती उलगडला ते बघते, त्यामुळे झाड मारायचं नाहीये.

वसईकर
कुंडी केवढी? लावून किती महिने झाले? उंची खोडाची सांगा, पानांची नको.

गच्चीवरची_शेती
बिनधास्त कापा ताई. मी मालाडला गच्चीवर दोनदा कापलंय, आठवड्यात मधूनच परत पोंगा वर येतो. केळीचं खोड हे खरं खोड नसतंच, पानांची सोपटं एकावर एक गुंडाळलेली असतात, वाढीचा कोंब खाली कंदात. आणि पुढच्या वेळी सरळ वेलची लावा, लहान असते.

खानदेशी
बिनधास्त कसं काय सांगता हो? कोंब खाली असतो तो निसवायच्या, म्हणजे केळफूल यायच्या आधी. एकदा त्याचा घड धरला की तोच दांडा सोपटांच्या मधून वर चढतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि तेव्हा कापलं तर घड गेलाच, ते खोड परत वाढत नाही कारण केळ एकदाच निसवते. तुमची दोनदा वाचली कारण तेव्हा ती लहान असणार. ताई, जात कुठली आहे?

वसईकर
वेलचीचं फळ लहान असतं, झाड चांगलं उंच जातं. आमच्या वाडीत येऊन बघा. ड्वार्फ हे झाडाच्या उंचीला म्हणतात, केळ्याच्या आकाराला नाही, हा घोळ सगळेच करतात.

गॅलरीतली_हिरवाई
जात ड्वार्फ! वर लिहिलंय की. मला फक्त कापू की नको एवढं सांगा.

खानदेशी
नुसतं ड्वार्फ म्हणजे जात नाही ताई. आमच्याकडे जळगाव भागात ड्वार्फ कॅव्हेंडिशला बसराई म्हणतात, काही जण वामनकेळ म्हणतात. वामनमूर्ती म्हणतो ना आपण ठेंगण्या माणसाला, तेच. तिचं नुसतं खोड पाच-सहा फूट होतं, पानं त्याच्या वर, आणि कुंडीची उंची वेगळी. म्हणजे ठेंगणी ती दुसऱ्या केळींच्या मानाने, तुळशीच्या मानाने नाही. आणि हल्ली नर्सरीत बऱ्याचदा मिळते ती ग्रँड नैन, म्हणजे जी-नाईन, तिचं खोड सात-आठ फुटांवर जातं. दोन्हीत ओळखायचं कसं, तर बसराईची पानं आखूड, रुंद आणि खोडाला एकमेकांवर दाटीने बसलेली असतात, जी-नाईनची जरा सुटी सुटी. बघून सांगा.

पुस्तकवाली_अनू
ग्रँड नैन फ्रेंच आहे, ग्राँ म्हणजे मोठा आणि नेँ म्हणजे बुटका. थोडक्यात, बुटक्यांमधला उंच! आणि कॅव्हेंडिश हे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचं आडनाव. त्यांच्या चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसहून आलेलं रोप १८३५ मध्ये फुलवलं आणि मालकाचं नाव दिलं. मला हे वाचलं तेव्हा फार आवडलं होतं म्हणून सांगितलं.

माईंचं_स्वयंपाकघर
केळफूल आलं तर टाकू नका हं. हाताला तेल लावून सोलायचं, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं. काळे वाटाणे घालून भाजी काय लागते!

गच्चीवरची_शेती
माई, केळफूल यायला आधी झाड दारातून आत तर जाऊ दे.

वसईकर
ताई, मी तीन प्रश्न विचारलेत.

गॅलरीतली_हिरवाई
सॉरी, ऑफिसात होते. आत्ता टेप लावला. अकरा महिने झालेत. निळा ड्रम अर्धा कापून लावलंय. खोड पाच फूट दोन इंच, पानं दाटीनेच आहेत. खालची मोजून दहा हिरवी आहेत. बाकी कीड वगैरे काही नाही, फक्त शेवटचं पान अगदीच छोटं आलंय, दीड वीत असेल, आणि ताठ उभंय, म्हणून खत कमी पडलं समजून काल मूठभर युरिया घातला.

खानदेशी
कापू नका!! हे आधी सांगायचं ना ताई. असं तोकडं पान सगळ्यात शेवटी येतं, त्याच्या मागोमाग केळफूल. खोड वरच्या बाजूला हाताने चाचपून बघा, फुगीर लागेल. तुमची बसराईच आहे, नर्सरीवाल्याने फसवलेलं नाही. युरिया आता पुरे, भरपूर पाणी द्या म्हणजे खाली उतरून जाईल.

वसईकर
ड्रम जमिनीवर आहे की कशावर ठेवलाय?

गॅलरीतली_हिरवाई
लोखंडी स्टँडवर. सव्वा फूट.

वसईकर
मग कापायचं काय त्यात? स्टँड काढा. पानं वरच्या बाजूला गोळा करून सुती ओढणीने सैल बांधा, वरचं छोटं पान मोकळं ठेवा. दोघांनी ड्रम गोणपाटावर घेऊन ओढत न्या, खोडाला धरून उचलू नका. खाली मुनवे, म्हणजे कंदातून फुटलेली पिल्लं असतील तर एक जोमदार, अरुंद पानांचा ठेवून बाकी काढा.

गच्चीवरची_शेती
मागे घेतो ताई, मी घाईत लिहिलं होतं. घड बाहेर आल्यावर बांबूचा टेकू मात्र द्या, माझा एक घड खोडासकट मोडला होता.

गॅलरीतली_हिरवाई
आणलं आत! स्टँड काढल्यावर पानं बांधून दारातून नीट गेलं, एक पान फाटलं तेवढंच. खोड वरती खरंच फुगलंय, मुलीने हात लावून बघितलं आणि आता ती तिथून हलत नाहीये. हॉलमध्ये पूर्वेची खिडकी आहे, ऊन दहापर्यंतच येतं. परांची पंधरा दिवस राहणार म्हणतात, तेवढं चालेल का? आणि केळी तयार व्हायला किती दिवस?

खानदेशी
पंधरा दिवस चालेल, खिडकीला अगदी चिकटून ठेवा. फूल बाहेर आल्यापासून तीन-चार महिने धरा, कुंडीत आहे तर थोडे जास्तच. फूल दिसलं की फोटो टाका.