शनिवार-रविवारात चार कार्यं, गाव देवरुखजवळ, सोमवारी ऑफिस. कसं जमवायचं?

भांडुपची_सून:
मंडळी मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीय. सासरचं गाव देवरुखपासून थोडं आत. मे मधल्या एका शनिवारी सकाळी आजेसासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन, त्याच संध्याकाळी चुलत नणंदेची हळद, रविवारी दुपारी लग्न, आणि काल रात्री फोन आला की सगळे जमलेतच तर मोठ्या दिरांच्या बाळाचं बारसंही रविवारी संध्याकाळी उरकून घेऊ. उरकून घेऊ म्हणे! माणसं ४०-५०, घर एकच, संडास दोन.

आम्ही चौघं, मी, नवरा, ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. माझ्या ऑफिसात ऑडिट चालू, सोमवारची सुट्टी मागायचं तोंड नाही. नवरा म्हणतो कारने जाऊ, लग्न लागलं की जेवून दोनला निघू. बारसं चुकवलं तर चालेल का? आणि आजोबांचं कार्य पुढे नाही का ढकलता येत? सासूबाई काहीच बोलत नाहीत, आणि तोच तर प्रॉब्लेम आहे.

रात्रीची_गाडी:
कार विसरा. रविवारी दुपारी दोनला निघालात तर संध्याकाळी माणगावला मुंबईकडे येणाऱ्या अख्ख्या दुनियेबरोबर उभे राहाल, पोराला शू लागली की मग बघा. दादरहून तुतारी एक्सप्रेस, रात्री १२.०५ ला सुटते, उजाडल्यावर संगमेश्वरला. येताना तीच रविवारी रात्री उशिरा संगमेश्वरहून पकडा, सोमवारी सकाळी दादर, म्हणजे बारसंही होतं आणि ऑफिसही.
पण नीट वाचा, शुक्रवारी रात्री जायचं असेल तर तिकिटावर तारीख शनिवारची हवी. मी हुशारी करून शुक्रवारची टाकलेली. बायको, दोन पोरं, सहा डाग आणि आहेराची पिशवी घेऊन आम्ही प्लॅटफॉर्मवर, आणि टीसी तिकीट बघून म्हणतो साहेब तुमची गाडी काल रात्रीच गेली. बायको अजून ऐकवते. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे तारखेला सकाळी आठला बसाच.

घाटातला_ड्रायव्हर:
कारवाल्यांना उगाच घाबरवू नका. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातली वळणं वाचलीत, भांडुपहून ३०० किमीच्या आत-बाहेर, पहाटे तीनला निघा. फक्त रविवारी परत येऊ नका एवढंच मी पण म्हणेन.

लालपरी:
तिकीट वेटिंगला गेलं तर एसटी आहेच. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, सासूबाई पंचाहत्तरीच्या वर असतील तर त्यांना फुकट. गुडघ्याचं म्हणाल तर पुढची सीट मागून घ्या, मागच्या सीटवर बसवलंत तर ऑपरेशन परत करावं लागेल.

गावची_वहिनी:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी गावात राहते आणि असे चाकरमानी दर मे मध्ये आमच्याकडे उतरतात. ताई, आजोबांचं पुढे ढकलता येतं, हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने, त्याच्या आगेमागे लोक करतातच. पण गावच्यांनी ते लग्नाला जोडलं ते तुमच्याचसाठी हो, तुम्हाला दोनदा सुट्टी मिळत नाही म्हणून. आता बघा, सकाळी पूजेचा सोवळ्यातला स्वयंपाक, पुरण, आजोबांना ओवाळायला कणकेचे ८१ दिवे. आणि संध्याकाळी हळदीला मटण. म्हणजे भांडी वेगळी, चूल वेगळी, वाटणाचा पाटा पण वेगळा, आणि हे सगळं धुवायला पाणी कुठलं? आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, पण जांभ्यात ते ठरत नाही, मे मध्ये विहिरीचा तळ दिसतो. गेल्या साली एका पाहुण्याने सकाळी सातला बंबाखालचं सगळं जळण संपवून तीन बादल्यांनी आंघोळ केली आणि मग विचारतो चहा झाला का.
बारसं चुकवा, कोणी फाशी देत नाही. पण नवऱ्याला सांगा, शनिवारी पहाटे पोचल्यावर झोपायचं नाही, मांडवाला झावळ्या बांधायला जायचं. आणि तुम्ही दिवे करायला बसा, ८१ दिवे एकटीने करताना हात मोडतो. एवढं केलंत की रविवारी दोनला निघालात काय आणि तीनला काय, कोणी नाव घेणार नाही. सासूबाई गप्प आहेत कारण त्यांना बारशाला थांबायचंय, त्यांना तिथेच चार दिवस ठेवा, जाऊ-जावांना बोलायला वेळ मिळेल.

रात्रीची_गाडी:
वहिनी, पाटा म्हणालात ते कळलं, आमच्याकडे आता सगळं मिक्सरवर.

गावची_वहिनी:
लाईट असली तर मिक्सर.

भांडुपची_सून:
अपडेट देते. तुतारीचं बुकिंग झालं, जाताना कन्फर्म, येताना आरएसी. तारीख तीन वेळा बघितली. सासूबाईंना विचारलं थांबाल का चार दिवस, तर म्हणाल्या "मी कुठे नाही म्हणाले होते", आणि दुसऱ्याच मिनिटाला स्वतःची बॅग वेगळी भरायला घेतली. मग गावी मोठ्या जाऊबाईंना फोन केला, म्हटलं मुंबईहून काय आणू, मिठाई आणू का. म्हणाल्या मिठाई नको, एक लांब वायरचं एक्सटेन्शन बोर्ड आण. मागच्या लग्नात कोणीतरी मिक्सरची पिन काढून मोबाईल चार्जिंगला लावला, मटणाचं वाटण अर्धवट राहिलं आणि तेवढ्यात लाईट गेली. कोण होता तो विचारलं तर नुसत्या हसल्या. नवरा शेजारीच बसलेला, एकदम उठून पाणी प्यायला गेला.