शब्दचर्चा: कॉकपिट, योक आणि आपलं जू

होटगीरोडकर
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांनी पुठ्ठ्याचं कॉकपिट केलंय, आत दोघं बसतील एवढं. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. मी मराठीचा निवृत्त मास्तर, म्हणून पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात. बाईंची अट एकच: पाटी मराठीत हवी आणि वाचून पोराला वस्तू कळायला हवी.

पहिल्याच पाटीला अडलो. 'वैमानिक कक्ष' लिहिलं आणि खोडलं. कक्ष म्हटलं की मला आवक-जावक कक्ष आठवतो. टेबल, पंखा, 'साहेब जेवायला गेलेत'. मूळ इंग्रजी शब्द तर भलताच रांगडा. कॉकपिट म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा. पुढे लढाऊ गलबतांवर तळाकडच्या एका कोंदट जागेला ते नाव पडलं, लढाईत जखमींना तिथं नेत. छोट्या होडीत सुकाणूवाला बसतो त्या खोलगट जागेलाही तेच म्हणू लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शब्द विमानात चढला. तेव्हाचा वैमानिक खरंच खाचेत बसल्यासारखा बसायचा, डोकं बाहेर वाऱ्यावर.

दुसरी अडचण 'योक'ची. वैमानिकापुढचं ते शिंगं असलेलं सुकाणू. त्याला 'जू' लिहिलं तर हसाल का?

अनुस्वार
'चालककक्ष' लिहा आणि मोकळे व्हा. सुटसुटीत आहे, एसटीलाही चालतो. 'खड्डा' मात्र कृपा करून नको. रस्त्यावरचे पुरेत.

पावडीवाला
सर, खड्ड्याला एवढं नावं ठेवू नका की ओ. आमचे आजोबा साखर पेठेत खड्डामागावर कापड विणायला बसायचे. जमिनीत खड्डा, पाय आत सोडलेले, पायाखाली पावड्या, एका हाती धोट्याची दोरी, दुसऱ्या हाती फणी. जागेवरून उठायचं काम नाही, सगळं हाताच्या टप्प्यात. विमानातले फोटो बघितले तेव्हा मला तेच आठवलं. पायाखाली पावड्या तिथंबी हायेत. माणूस खोलीत बसत नाही, यंत्राच्या आत बसतो. 'कक्ष'मध्ये ते येत नाही.

अनुस्वार
मग 'गड्डा' लिहा! पोरं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या पाळण्यात बसायला रांग लावतील.

उजवी खुर्ची
नमस्कार सर. मी मूळची सोलापूरची, आधी एटीआर उडवायचे, आता एअरबस ए-३२०. सहवैमानिक आहे, उजवीकडे बसते, म्हणून हे नाव. आम्ही आपसात 'कॉकपिट'च म्हणतो, मराठीत बोलतानाही. पण तुमच्या दुसऱ्या शब्दावर मला बोलायचंय. 'जू' अजिबात हसण्यासारखं नाही. आमच्या धंद्यातलं सगळ्यांत जुनं भांडण त्या एका शब्दात बसतं.

गोव्याला जातं त्या एटीआर ७२-६०० मध्ये दोन योक असतात आणि ते एकमेकांना जोडलेले असतात. कॅप्टननं ओढला की माझाही मागे येतो, माझ्या गुडघ्यांशी. न बघता कळतं. बोइंगमध्येही तसंच. ७७७ मध्ये योकपासून पंख-शेपटीपर्यंतची जोडणी तारांऐवजी संगणकाची झाली, तरी त्यांनी योक ठेवला, आणि ऑटोपायलट चालू असताना तो योकही हलताना दिसतो. एअरबसनं १९८७ मध्ये ए-३२० पहिल्यांदा उडवलं तेव्हा योक काढूनच टाकला. बाजूला एक छोटी दांडी, साइडस्टिक. कॅप्टनची डाव्या हाताला, माझी उजव्या. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नाहीत. कॅप्टननं दांडी ओढली तर माझी जागची हलत नाही. दोघांनी एकदम हलवली तर विमान दोघांची बेरीज करतं आणि आवाज येतो, 'ड्युअल इनपुट'. ज्याला ताबा घ्यायचाय त्यानं दांडीवरचं लाल बटण दाबायचं.

म्हणजे बोइंगमध्ये आम्ही दोघं एका जुवाखाली. एअरबसमध्ये जू नाहीच.

होटगीरोडकर
ताई, काय सांगितलंत! आता माझी भर ऐका. योक आणि जू हे चुलत भाऊ आहेत. संस्कृत 'युग' म्हणजे जू. त्याचंच मराठीत झिजून 'जू' झालं, आणि त्याच प्राचीन मुळातून इंग्रजीत 'योक' आला. 'जुंपणे'ही त्याच घरातलं. तेव्हा मी भाषांतर करत नाहीये, भावकी जोडतोय.

पावडीवाला
पण सर, जू बैलाच्या मानेवर असतं, गाडीवानाच्या हातात कासरा असतो. मग योकला कासरा म्हणायला पाहिजे.

उजवी खुर्ची
दादा, मुद्दा बरोबर आहे. हाताकडून बघितलं तर कासराच. पण कासऱ्यानं दुसऱ्या माणसाला काही कळत नाही. जुवाला एका बैलानं मान टाकली की दुसऱ्याच्या खांद्याला लगेच लागतं. योकच्या बाजूनं बोलणारे वैमानिक अगदी हेच सांगतात: शेजारचा काय करतोय ते मला हाताला कळायला हवं, त्याला विचारून नव्हे. एअर फ्रान्सच्या ४४७ अपघाताचं उदाहरण ते हमखास देतात. १ जून २००९, अटलांटिकवर, २२८ माणसं गेली. वेगमापक नळ्या बर्फानं बंद झाल्या, ऑटोपायलट सुटला आणि उजव्या खुर्चीतला वैमानिक दांडी मागे ओढत राहिला. काळोखात, धावपळीत बाकीच्यांना ते नीट कळलं नाही. कारणं अनेक होती, सगळं खापर दांडीवर फोडणं मला पटत नाही. पण जू असतं तर शेजाऱ्याच्या पोटाशी योक आला असता, हे खरंच.

आता दुसरी बाजू, कारण मी रोज त्यातच बसते. साइडस्टिकची सवय आठवड्याभरात होते. समोर मोकळी जागा मिळते, माहितीचे पडदे, म्हणजे स्क्रीन, अर्धे झाकले जात नाहीत. आणि हसू नका, पुढ्यात ओढायचं टेबल असतं. बोइंगवाले ताट मांडीवर घेऊन जेवतात, आम्ही टेबलावर. एअरबस का आवडतं असं विचारलं की निम्मे लोक आधी टेबलच सांगतात.

अनुस्वार
मी 'जू'ला विरोध मागे घेतो. मग साइडस्टिकला 'बगलदांडी'?

उजवी खुर्ची
नको ओ! 'बाजूची दांडी' पुरे. गल्फस्ट्रीम जी-५०० या लहान जेटमध्ये तर बाजूच्या दांड्याच इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जोडल्यात. एक हलवली की दुसरी हलते. म्हणजे दांडीही आहे आणि जूही. त्याची पाटी काय लिहिणार?

भोंगा
मी जुन्या मिलच्या बॉयलरवर होतो. माझा प्रश्न वेगळा. नातू म्हणतो, जुन्या विमानातल्या काट्यांच्या तबकड्यांना पायलट लोक 'स्टीम गेज' म्हणतात. विमानात वाफ कुठली?

उजवी खुर्ची
काका, वाफ कधीच नव्हती. नुसती चेष्टा आहे, तुमच्या बॉयलरच्या काट्यांवरून. पडदे आले त्याला 'ग्लास कॉकपिट' नाव पडलं, म्हणून जुन्यांना 'स्टीम गेज'. जुन्या ७४७ मध्ये तबकड्या, दिवे आणि बटणं मिळून ९७१ होती, ७४७-४०० मध्ये ३६५ वर आली. तबकड्या सांभाळणारा तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, खुर्चीसकट गेला.

भोंगा
आमच्याकडे पण तसंच झालं. नवं मशीन आलं की आधी तिसरा माणूस घरी.

होटगीरोडकर
'ग्लास कॉकपिट'ला 'काचेचं कॉकपिट' लिहिलं तर पोरं चारी बाजूंनी जिलेटिन पेपर चिकटवतील. मी 'पडद्यांचं' आणि 'काट्यांचं' अशी जोडी लिहितोय. भोंगाकाका, तुमच्यामुळे 'तबकडी' हा छान शब्दही परत आला, घड्याळाबरोबर तो अडगळीत पडला होता.

ताई, अजून एक. 'डार्क कॉकपिट' म्हणजे रात्री दिवे घालवतात ते का?

उजवी खुर्ची
नाही सर. एअरबसमध्ये डोक्यावर बटणांची पाटी असते. सगळं ठीक असेल तर एकाही बटणात दिवा नसतो. बिघाड झाला की पिवळा पेटतो. विझलेलं म्हणजे बरं. भर दुपारीही कॉकपिट 'डार्क'च असतं.

अनुस्वार
मराठीत हे उलटं जाईल. आपल्याकडे दिवा विझला म्हणजे अशुभ. देवापुढचा दिवा आपण विझवत नाही, 'शांत' करतो. म्हणून सुचवतो: 'शांत कॉकपिट'.

उजवी खुर्ची
हा शब्द मी उद्या कॅप्टनना ऐकवणार! सिम्युलेटरमध्ये एक बिघाड दिला की पिवळं-लाल पेटतं, वर घंटाही वाजते. तेव्हा खरंच वाटतं, हे शांत व्हायला हवं.

जाता जाता, पोरांना चाकांच्या मुठीबद्दल जरूर सांगा. चाकं वरखाली करायची मूठ चाकासारखी गोल असते आणि फ्लॅपची, म्हणजे पंखामागच्या खाली झुकणाऱ्या झडपेची, मूठ फ्लॅपसारखी चपटी. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे, कारण दोन्ही खटके शेजारी आणि दिसायला सारखे. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये ते ओळखलं आणि एकावर रबराचं चाक, दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा बसवला. चुका थांबल्या. आमच्या ए-३२० मध्ये आजही चाकाच्या मुठीला चाक आहे. या वस्तूला पाटीच नको, हात लावला की वाचता येते.

पावडीवाला
ह्याला म्हणतात शब्दाविना शब्दचर्चा. आणि सर, आपल्या विमानतळाच्या वाटेत कारखान्याची चिमणी होती, ती जून २०२३ मध्ये पाडली, हे पण कुठंतरी लिहा. विमानाला पक्षी नडतात ऐकलं होतं, आपल्याला चिमणी नडली. आणि नाव बघा की, कोंबड्याच्या खड्ड्यात बसून चिमणी चुकवायची.

होटगीरोडकर
पाट्या ठरल्या. मुख्य पाटीवर 'कॉकपिट', खाली बारीक अक्षरात 'वैमानिकाची बैठक'. 'कक्ष' गेला, 'खड्डा' तोंडी सांगेन. योकला 'जू', साइडस्टिकला 'बाजूची दांडी', मग 'पडदे', 'तबकड्या', 'शांत दिवे'. चाकाची मूठ ताईंच्या सांगण्यावरून कोरी.

आता रंगारी खोळंबलाय. त्यानं 'जू'वर अनुस्वार दिलाय. म्हणतो, त्याच्या आजोबांच्या पोथीत 'जूं' आहे.

अनुस्वार
आजोबांचं बरोबर आहे, नपुंसकलिंगी शब्द, जुन्या लेखनात तो अनुस्वार होताच. १९६२ च्या नियमांनी काढला. पुसायला सांगा. माझं नाव 'अनुस्वार' असलं तरी हे मला सांगावं लागतंय.

होटगीरोडकर
ऑइल पेंट आहे. पुसला तर पुठ्ठा निघतो. राहू दे.