पडदा बसवूनही कान पुन्हा का वाहतो?

पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर कान पुन्हा वाहू लागला म्हणजे शस्त्रक्रिया फसलीच, असे म्हटले जाते. ते सरसकट मान्य करता येणार नाही. कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण काढून, वाळवून, त्याचे ठिगळ पडद्याच्या छिद्राला लावतात आणि ते बहुधा चांगले धरते. मध्यकर्णात (पडद्यामागच्या पोकळीत) कोलेस्टिॲटोमा, म्हणजे आत वाढणारी त्वचेची पिशवी असेल, तर मात्र प्रश्न निराळा असतो: ती कर्करोग नसूनही भोवतालचे हाड झिजवते, ऐकण्याच्या चिमुकल्या हाडांच्या साखळीतील एरण या हाडाचा लांब दांडा बहुतेक वेळा आधी जातो, आणि तिचा कणभर अंश मागे राहिला तरी ती पुन्हा वाढू शकते आणि कान पुन्हा वाहू लागतो. म्हणूनच पूर्वी अनेक रुग्णांचा कान केवळ पाहणीसाठी काही महिन्यांनी पुन्हा उघडत. आता एमआरआयच्या डिफ्यूजन तंत्रामुळे (कान न उघडता अशी पिशवी दाखवणाऱ्या चित्रणामुळे) ते पुष्कळदा टळते, परंतु सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा लहान अंश त्यातून निसटू शकतो.

आपल्या नागपुरात वाहत्या कानात लसूण घालून कढवलेले तेल सोडणारे अजूनही भेटतात (शिकलेलेसुद्धा). थोडाच, पण सतत आणि दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.