अनुभव धागा: प्रार्थना केली, उत्तर आलं नाही, तरी विश्वास कसा टिकला?

जय ख्रिस्त मंडळी. हा धागा नागपुरातल्या आपल्या लोकांसाठी. चर्चमध्ये साक्ष देतो तेव्हा आपण बरं झाल्याची देतो, नोकरी लागल्याची देतो, आणि ज्याच्या घरचं माणूस बरं झालं नाही तो मागच्या बाकावर बसून आमेन म्हणतो आणि घरी जातो. त्यांनी इथे लिहा. उपदेश नको, "देवाची काहीतरी योजना असेल" तर अजिबातच नको. माझं मत आधीच सांगतो, देवाकडे तक्रार करणं म्हणजे अविश्वास नाही. बायबलातलं स्तोत्र 88 उघडून बघा, सुरुवातीपासून आकांत आणि शेवट सरळ काळोखात, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही.

मोहननगर

एप्रिल 2021, कोविडची दुसरी लाट. बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, रेमडेसिविरसाठी फोन. बाबांना बेड मिळाला तेव्हा आम्ही घरात गुडघे टेकून आभार मानले. सगळी मंडळी प्रार्थनेत होती, प्रत्येकाला तास वाटून दिलेला, रात्री दोन ते तीनचा माझा. बाबा गेले. जरीपटक्याच्या कब्रस्तानात पीपीई किट घातलेली माणसं, पाळक साहेब लांबूनच वचन वाचून राहिले होते, आईला चेहरासुद्धा बघता आला नाही. नंतर त्याच वॉर्डातले एक काका बरे होऊन आले आणि त्यांनी साक्ष दिली, देवाने माझी प्रार्थना ऐकली. त्यांचा राग नाही मला, खरंच नाही, पण मग आमची काहून नाही ऐकली? पाळक साहेबांना हेच विचारलं तर ते म्हणाले, मला माहीत नाही बेटा. त्या सगळ्या काळात कोणाच्या बोलण्याने बरं वाटलं असेल तर ते ह्याच. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने पण मागितलं होतं की हा प्याला टळो, नाही टळला. ज्याला स्वतःला नकार मिळाला त्याच्यापाशी मी माझा नकार घेऊन बसू शकते, एवढंच.

मानकापूर

माझा मुलगा सिकलसेलचा आहे, एसएस, म्हणजे आजार असलेला. विदर्भातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, आपल्या नात्यागोत्यात कोणी ना कोणी एएस, म्हणजे नुसता वाहक, निघतोच. मी आणि मिस्टर दोघं वाहक, लग्नाआधी रक्त तपासायचं कोणी सुचवलं नाही. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस व्हायची 25 टक्के शक्यता, मोठी मुलगी ठणठणीत आहे, ह्याच्या वाट्याला आलं. लाल पेशी वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात, रक्त पुढे सरकत नाही, म्हणून ते दुखणं. मे महिन्यात पारा 45 वर गेला आणि पाणी कमी पडलं की क्रायसिस, म्हणजे त्या दुखण्याचा झटका, डिसेंबरच्या थंडीत अंग गारठलं की क्रायसिस. हायड्रॉक्सीयुरियाचं औषध चालू आहे, त्याने फरक आहे, पण ज्या रात्री मांडी धरून ओरडतो त्या रात्री काही सुचत नाही.

प्रार्थनेला आलेल्या एक ताई म्हणाल्या घराण्याचा शाप असेल, तोडायची प्रार्थना करा. मुलगा बाजूलाच झोपला होता, जागा होता. नंतर विचारतो, आई मी काय केलं होतं? त्याला बायबलातला योहान 9 वाचून दाखवला. शिष्य विचारतात हा जन्मांध, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो ह्याचंही नाही, त्यांचंही नाही. मी ते मुलासाठी वाचलं पण रडले मी, कारण आमच्या दोघांच्याच रक्तातून त्याला हे आलंय. पण पुढचं वाक्य, देवाची कार्यं त्याच्याठायी प्रकट व्हावीत म्हणून, तिथे मी अजून अडकते. तो आंधळा त्याच दिवशी बघायला लागला. माझा मुलगा अजून दुखण्यातच आहे.

क्रायसिसमध्ये तो हात घट्ट धरतो आणि आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" ही ओळ तो म्हणत नाही, सरळ पुढच्या, रोजची भाकर मागायच्या ओळीवर जातो. मी टोकत नाही. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा ते बरं, आणि बाकीची प्रार्थना तर तो म्हणतोच ना.

हिस्लॉपचा माजी विद्यार्थी

माझा धाकटा भाऊ पोहायला गेला तो परत आला नाही, तेव्हा मी सेकंड इयरला होतो. ज्यांच्या नावाचं आपलं कॉलेज ते स्टीफन हिस्लॉप 1845 ला नागपुरात आले, शाळा काढली, आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन दफनांची दगडी वर्तुळं बघून रात्री घोड्यावरून परत येताना पुराच्या नाल्यात बुडाले, वय 45. इतकं राबणाऱ्या मिशनऱ्याला देवाने एक नाला पार करू दिला नाही. लोक म्हणतात पण बघा, पुढे 1883 ला त्यांच्या नावाने कॉलेज निघालं. निघालं, चांगलंच झालं, हजारो पोरं शिकली. पण कॉलेज निघावं म्हणून माणूस बुडाला असं मला कोणी सांगू नये, आणि माझ्या भावाबद्दल तर नकोच. मी मानतो देव त्या पाण्यात होता. का वाचवलं नाही हे त्यालाच विचारणार आहे, समोरासमोर.

सदर

मी बारा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. ड्युटीवर प्रार्थना करते, रोज, पण "बरं कर" म्हणणं कमी झालंय. "इथे थांब" म्हणते.

मार्टिननगर

मी सध्या चर्चला जात नाही, हेही इथे यावं म्हणून लिहितो. बायको कॅन्सरने गेली. घरी येणारा प्रत्येक जण बायबलातलं रोमकरांस 8:28 सांगून गेला, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात म्हणे. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने ते स्वतः मार खाऊन लिहिलं, यांनी चहा पिता पिता सांगितलं. येशूवर राग नाही. बायबल तिचंच वाचतो, तिने पेन्सिलने खुणा केल्यात.

अजनी, वय 71

वरच्या भाऊंसाठी. माझी मुलगी गेली तेव्हा मला पंडिता रमाबाईंचा आधार झाला. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा, आणि म्हातारपणी 1921 ला एकुलती एक मनोरमा. तरी बाई बायबलच्या भाषांतराला लागून राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. त्यांना काही उत्तर मिळालं होतं असं मला वाटत नाही. भाऊ, चर्चला केव्हाही या, नाही आलात तरी मी जेवणाचा डबा घेऊन येईन, वचन सांगणार नाही.

मानकापूर (पुन्हा मीच)

आजी, तुमचं वाचून धीर आला. बायबलात ज्याची मुलंबाळं, घरदार सगळं गेलं त्या ईयोबाच्या मित्रांनी पण सात दिवस गप्प बसायचं काम बरोबर केलं होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. नागपुरात आणखी कोणी सिकलसेल मुलांचे आईबाप असाल तर इथेच लिहा. आम्ही तीन घरं शनिवारी संध्याकाळी एकत्र बसतो, आधी औषधं, रक्ताची सोय, शाळेला काय सांगायचं हे बोलतो, मग एक स्तोत्र वाचतो. आणि ज्यांच्या घरी लग्न ठरतंय त्यांनी दोघांचंही रक्त आधी तपासून घ्या, साधी टेस्ट आहे.